नाशिकच्या हवेत बूस्ट प्रेशर सेन्सरची तपासणी

टर्बो डिझेल गाडी चढावर दबू लागली, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पिकअप मिळेनासा झाला, मागून काळा धूर येऊ लागला आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, त्यावर बूस्ट प्रेशर सेन्सरचे नाव उमटते आणि पुढच्या तासाभरात नवा सेन्सर मागवला जातो. दिंडोरीतील माझ्या एका नातेवाइकाच्या गाडीचा सेन्सर अशाच रीतीने एका हंगामात दोनदा बदलला गेला. खरा दोष इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपला पडलेल्या बोटभर चिरेत होता. ती चीर गाडी उभी असताना मिटलेली राही आणि दाब वाढला की उघडत असे. सेन्सर बिचारा दोन्ही वेळा खरे बोलत होता.

हा लेख अशा वाचकासाठी आहे ज्याने कधी बॉनेटखाली मल्टीमीटर लावलेला नाही, परंतु सेन्सर विकत घेण्यापूर्वी तो खरोखर बिघडला आहे का हे स्वतः मोजून पाहण्याची ज्याची तयारी आहे. सगळी तपासणी एका सकाळीत होते. मोठा खर्च लागत नाही.

सेन्सर काय मोजतो

टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डकडे जाते. या वाटेवर, बहुधा इंटरकूलरनंतरच्या पाइपवर किंवा थेट मॅनिफोल्डवर, अंगठ्याएवढा एक काळा प्लॅस्टिकचा सेन्सर एका स्क्रूने बसवलेला असतो. काही गाड्यांत त्यालाच मॅप सेन्सर म्हणतात. त्याच्या आत सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो पडदा वाकतो, त्यावरील रोधांचे मूल्य बदलते आणि त्या बदलाच्या प्रमाणात सेन्सर एक व्होल्टेज बाहेर देतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या व्होल्टेजवरून दोन गोष्टी ठरवतो: धूर न होता किती डिझेल सोडता येईल, आणि टर्बोचा दाब आणखी वाढवायचा की आवरायचा.

येथे नवख्या माणसाची पहिली गल्लत होते. हा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे निर्वात पोकळीला शून्य धरून. त्यामुळे इंजिन बंद असतानाही तो शून्य दाखवत नाही. तो त्या क्षणी त्या गावात असलेला वातावरणाचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० ते ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे तो ९४ ते ९५ किलोपास्कल भरतो, आणि पावसाळ्यात कमी दाबाच्या दिवसांत आणखी एखादा किलोपास्कल खाली जातो. त्र्यंबकेश्वरला गाडी नेली तर आकडा थोडा उतरतो, आणि सप्तशृंगी गडावर तो नव्वदच्याही खाली जातो. तेव्हा आपल्या गाडीचा स्कॅनर सकाळी अंगणात ९५ दाखवत असेल, तर तो आकडा कमी नाही, अगदी बरोबर आहे. आणि तो १०१ दाखवत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. इंटरनेटवरील बहुतेक मार्गदर्शन समुद्रकाठच्या गावांना धरून लिहिलेले असते, म्हणून हे आधी सांगितले.

मोबाइलवरील हवामानाचा अंदाज मात्र येथे मदतीला येत नाही. नाशिकसाठी तो १०१० हेक्टोपास्कलच्या, म्हणजे १०१ किलोपास्कलच्या, जवळपासचा आकडा दाखवील, कारण हवामानशास्त्रात वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी यासाठी दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगण्याची रीत आहे. प्रत्यक्ष दाब त्याहून बराच कमी असतो. काही फोनमध्ये दाबमापक बसवलेला असतो. त्याचे थेट वाचन दाखवणारे ॲप असेल तर ते वापरावे. नसेल तर गाडीच्याच ईसीयूमध्ये बहुधा वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो, आणि तुलनेसाठी तो सर्वांत सोयीचा.

हाताशी काय असावे

एक डिजिटल मल्टीमीटर लागेल. ओबीडी पोर्टला, म्हणजे स्कॅनर लावण्यासाठी गाडीत दिलेल्या सॉकेटला, जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर लागेल. भारतात २०१३ पासून चारचाकी गाड्यांना ओबीडी-२ लागू झाल्यामुळे त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत तो सहसा अडचण न येता जुळतो. कपलरच्या, म्हणजे सेन्सरवर बसणाऱ्या वायरींच्या प्लगच्या, मागच्या बाजूने वायरच्या कडेने सरकवता येतील अशा दोन बारीक पिना लागतील. शिवणकामाच्या टाचण्याही चालतात. गेज असलेला हातपंप मिळाला तर उत्तम. त्याखेरीज इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक स्प्रे, मऊ फडके, आणि शक्य असल्यास आपल्या मॉडेलची वायरिंग आकृती. टेस्ट लॅम्प या कामात वापरू नये. तो या नाजूक पाच व्होल्टच्या वाटेतून गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आणि ईसीयूला इजा होऊ शकते.

काम सकाळी, इंजिन थंड असताना करावे. चावी ऑन असताना रेडिएटरचा पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो, म्हणून उपरण्याचे टोक, लांब बाही आणि मल्टीमीटरच्या वायरी त्याच्यापासून दूर ठेवाव्यात.

पहिली पायरी: कोड वाचणे, पण त्यावर थांबू नये

स्कॅनरवर आलेला कोड कागदावर लिहून ठेवावा आणि लगेच पुसू नये. पी ०२३७ म्हणजे सेन्सरच्या वाटेवर व्होल्टेज फार कमी, पी ०२३८ म्हणजे फार जास्त. या दोन्हींचा रोख विजेच्या दोषाकडे, म्हणजे वायर, कपलर किंवा सेन्सर यांच्याकडे असतो. पी ०२३६ म्हणजे आकडा येतो आहे, पण तो ईसीयूला पटत नाही. पी ०२९९ म्हणजे मागितलेला दाब मिळाला नाही, आणि पी ०२३४ म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त झाला. शेवटच्या दोन कोडांत सेन्सर हा संशयिताऐवजी बहुधा साक्षीदार असतो. काही गाड्यांत याच सेन्सरसाठी पी ०१०६ ते पी ०१०८ हे कोड येतात. पी ०१०६ चा अर्थ पी ०२३६ सारखा, पी ०१०७ चा पी ०२३७ सारखा आणि पी ०१०८ चा पी ०२३८ सारखा लावावा.

यानंतर डोळ्यांनी पाहणी करावी. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक होज पाइप हाताने दाबून व पिळून पाहावा, क्लिपा घट्ट आहेत का ते तपासावे. टर्बो डिझेलच्या पाइपात तेलाचा पातळ थर असतो. एखाद्या जोडाच्या बाहेर मात्र ओले तेल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तेथून दाबाची हवा बाहेर फुंकली जात आहे असे समजावे. द्राक्षबागांच्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हा तेलकट मातीचा डाग फार स्पष्ट उठून दिसतो. एअर फिल्टरही याच वेळी उघडून पाहावा. सेन्सरचा कपलर काढून पिना हिरवट किंवा काळ्या पडल्या आहेत का, आत पाणी शिरले आहे का, कपलरची कडी तुटल्यामुळे तो ढिला बसतो आहे का, हे पाहावे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे, विशेषतः गाडी गोठ्याजवळ किंवा शेडमध्ये आठवडाभर उभी राहत असेल तर.

दुसरी पायरी: चावी ऑन, इंजिन बंद

माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी ऑन करावी, इंजिन सुरू करू नये, आणि स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी लावावेत: इनटेक मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब आणि वातावरणाचा दाब. इंजिन थांबलेले असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा उभी असते, त्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. दोन-तीन किलोपास्कलचा फरक चालतो. नाशिकमध्ये दोन्ही ९४-९५ च्या जवळ असतील, तर निदान या बिंदूवर सेन्सर, त्याची वायर आणि ईसीयू तिन्ही ठीक आहेत असे धरता येते. मॅनिफोल्डचा आकडा ७० किंवा १२० असेल आणि वातावरणाचा ९५, तर दोष इंजिन सुरू करण्याआधीच सापडला. टर्बोला त्यात ओढण्याचे कारण नाही.

मात्र दोन फसव्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सेन्सरचा दोष एकदा नोंदला गेला की काही ईसीयू त्याचे वाचन बाजूला ठेवून स्वतःचा एक ठरावीक आकडा वापरतात, आणि स्कॅनरवर तोच दिसतो. कपलर काढल्यावरही आकडा ढिम्म हलत नसेल, तर तो सेन्सरचा नाही हे ओळखावे. दुसरे असे की मोबाइलमधील काही ॲप निरपेक्ष दाबातून सरसकट १०१.३ वजा करून 'बूस्ट' दाखवतात. नाशिकमध्ये चावी ऑन करताच त्यावर उणे एक पीएसआयच्या (म्हणजे उणे सहा-सात किलोपास्कलच्या) जवळचा आकडा येतो आणि नवखा माणूस घाबरतो. तेथे बिघाड कसलाच नसतो, फक्त ॲपने आपले गाव समुद्रकाठी धरलेले असते. म्हणून बूस्टऐवजी निरपेक्ष दाबाचाच आकडा निवडावा.

इंजिन सुरू करून आयडलवर ठेवले, तरी हा आकडा फारसा बदलत नाही. पेट्रोल गाडीत तो निम्म्याच्याही खाली जातो, कारण तेथे थ्रॉटलची झडप हवा अडवते. डिझेलमध्ये आयडलला तो वातावरणाच्या जवळच राहतो, आणि तसा तो राहणे योग्य आहे.

तिसरी पायरी: वायरींची मोजणी

सेन्सरला तीन किंवा चार वायरी असतात: पाच व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड, दाबाचा सिग्नल, आणि चौथी असेल तर ती हवेच्या तापमानाची. वायरिंग आकृती नसेल तर ओळख पटवताना एक चकवा आहे. कपलर काढून मोजले तर पुरवठ्याच्या पिनवर पाच व्होल्ट दिसतात, पण तापमानाच्या पिनवरही तितकेच दिसू शकतात, कारण ईसीयू त्या वायरीला आतून एका रोधामार्फत पाच व्होल्टला बांधून ठेवतो. कपलर पुन्हा लावून मागून पीन सरकवून मोजावे. जिच्यावर पाच व्होल्ट टिकून राहतात ती पुरवठ्याची वायर. तापमानाच्या वायरीचे व्होल्टेज खाली उतरते, आणि इंजिन तापत गेले की आणखी सावकाश उतरत राहते.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळे टोक बॅटरीच्या उणे टर्मिनलवर आणि चावी ऑन, अशा स्थितीत प्रथम पुरवठा मोजावा. तो ४.९ ते ५.१ व्होल्टच्या दरम्यान असावा. तो अजिबात नसेल तर लगेच वायर तुटल्याचा निष्कर्ष काढू नये. ईसीयूचा हा पाच व्होल्टचा पुरवठा पुष्कळ गाड्यांत इतर सेन्सरांनाही वाटून दिलेला असतो, आणि त्यांपैकी एकही आतून शॉर्ट झाला तर सगळ्यांचाच पुरवठा बसतो. एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा काढताच पाच व्होल्ट परत येतात, दोषी तो.

यानंतर ग्राउंड. काळे टोक बॅटरीच्या उणे टर्मिनलवरच ठेवून लाल टोक सेन्सरच्या ग्राउंड वायरीला लावावे. सर्व जोडलेले असताना येथे ०.०५ व्होल्टपेक्षा कमी दिसावे. ०.१ व्होल्टच्या वर गेले तर ग्राउंडच्या वाटेत कोठेतरी गंज किंवा ढिला जोड आहे. ग्राउंड खराब झाला की सिग्नलचा आकडा वर सरकतो आणि ईसीयूला नसलेला दाब दिसू लागतो. या मोजणीकडे गॅरेजमध्ये फार दुर्लक्ष होते असा माझा अनुभव आहे.

आता सिग्नल. प्रत्येक सेन्सरचे दाब-व्होल्टेजचे कोष्टक वेगळे असते, परंतु पद्धत कळावी म्हणून बॉशचा एक नेहमीचा प्रकार घेऊ, जो २० किलोपास्कलला ०.४ आणि २५० किलोपास्कलला ४.६५ व्होल्ट देतो. मधला प्रवास सरळ रेषेत असतो, म्हणजे दर १० किलोपास्कलला सुमारे ०.१८५ व्होल्ट. या हिशेबाने नाशिकच्या ९५ किलोपास्कलला १.७९ व्होल्ट यावेत आणि मुंबईला १.९०. मीटरवर १.७५ ते १.८३ च्या दरम्यान काहीही आले तर समाधान मानावे. सेन्सरच्या टोकाशी व्होल्टेज बरोबर आणि स्कॅनरवरचा आकडा चुकीचा असेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा ईसीयूच्या कपलरमध्ये आहे. नवा सेन्सर आणून तो जाणार नाही. मीटर लावलेला असतानाच वायरीचा जुडगा ठिकठिकाणी हलवून पाहावा. आकडा उडी मारतो त्याच जागी वायर आतून तुटत आलेली असते.

वायरीच्या प्लॅस्टिकला टोचून कधीही मोजू नये. ते भोक दिसत नाही, पण पावसाळ्यात त्यातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी तांबे हिरवे होते. ओहममध्ये मोजायचे असेल तर बॅटरीचे टर्मिनल आधी काढावे, आणि दाबाच्या सिग्नलच्या पिनांमध्ये ओहम मोजून काही अर्थबोध होत नाही हेही लक्षात ठेवावे. तापमानाच्या पिनेचे मात्र तसे नाही: वरील प्रकारच्या सेन्सरमध्ये ग्राउंडच्या पिनेशी तिचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २.५ किलोओहम असतो आणि ४० अंशाला सुमारे १.२ किलोओहमपर्यंत उतरतो.

चौथी पायरी: हातपंपाने दाब देणे

एका बिंदूवर बरोबर असणारा सेन्सर दाब वाढल्यावर चुकू शकतो, म्हणून शक्य असेल तर ही पायरी टाळू नये. सेन्सर स्क्रू सोडून बाहेर काढावा, कपलर जोडलेलाच ठेवावा, उघड्या राहिलेल्या भोकावर स्वच्छ फडके झाकावे आणि सेन्सरच्या नळीवर घट्ट बसेल असा रबरी पाइप लावून हातपंप जोडावा. चावी ऑन करून सावकाश दाब द्यावा. पंपाचा गेज वातावरणापासून वरचा दाब दाखवतो, तेव्हा त्यात नाशिकचे ९५ मिळवावे लागतात: गेजवर ५० आले म्हणजे सेन्सरवर १४५, आणि वरच्या उदाहरणातील सेन्सर तेथे २.७१ व्होल्ट देईल; गेजवर १०० आले म्हणजे १९५ आणि ३.६३ व्होल्ट. आकड्यापेक्षाही त्याची चाल पाहावी. व्होल्टेज दाबाबरोबर अडखळल्याशिवाय चढले पाहिजे, दाब धरून ठेवला तर स्थिर राहिले पाहिजे आणि दाब सोडताच मूळ जागी परतले पाहिजे. ते हळूहळू परतत असेल, तर सेन्सरचे तोंड काजळीने बुजले आहे किंवा आतील पडदा थकला आहे.

टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसरने ही परीक्षा घेण्याचा मोह होतो. तेथील हवा शंभर पीएसआय म्हणजे जवळजवळ ६९० किलोपास्कल दाबाची असते, आणि २५० पर्यंत मोजणारा सेन्सर त्या एका फुंकरीत कायमचा जातो.

तोंड काजळलेले दिसले तर कॉन्टॅक्ट क्लीनर हलकेच मारून, सेन्सर तोंड खाली करून निथळू द्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावा. ईजीआरमुळे, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेमुळे, मॅनिफोल्डवर बसवलेल्या सेन्सरांवर अशी काजळी साचणे नेहमीचे आहे. तारेने कोरणे, पेट्रोलने किंवा कार्ब्युरेटर क्लीनरने धुणे टाळावे. जेथे सेन्सर बसतो ते मॅनिफोल्डचे भोकही पाहावे, कारण पुष्कळदा सेन्सर चांगला असून त्याच्यापर्यंत हवाच पोहोचत नसते. स्वच्छ केल्यावर वरील मोजणी पुन्हा करावी. पुष्कळ सेन्सर येथेच वाचतात.

पाचवी पायरी: रस्त्यावर

उभ्या गाडीत रेस दिल्याने टर्बो फारसा दाब तयार करत नाही, कारण इंजिनावर ओझेच नसते. त्यासाठी चढाचा, मोकळा रस्ता हवा. नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे जाणारा घाट सकाळी लवकर चांगला; यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकूच नये. त्र्यंबक रस्त्याला या कामापुरता मोकळेपणा आता उरलेला नाही. दुसरा माणूस बरोबर असलाच पाहिजे. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहायचे नाही.

स्कॅनरवर तीनच गोष्टी निवडाव्यात: इंजिनाचे फेरे, निरपेक्ष दाब आणि मागितलेला दाब, शेवटचा मिळत असेल तर. जास्त गोष्टी निवडल्या की स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इतका मंदावतो की दाबाचा चढ दिसण्याआधी संपतो. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांपासून पेडल पूर्ण दाबून ३००० पर्यंत न्यावे आणि नोंद करावी. बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत निरपेक्ष दाब २०० ते २५० किलोपास्कलच्या दरम्यान चढतो, म्हणजे नाशिकच्या हवेपेक्षा एक ते दीड बार वर (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल). ओबीडीचे सर्वसाधारण वाचन एका बाइटमध्ये मावणारे असल्याने ते २५५ च्या वर जाऊच शकत नाही. आकडा तेथे चिकटून बसला तर सेन्सर अडकला असे समजू नये, कंपनीचे खास वाचन दाखवणारा स्कॅनर मिळवावा.

मिळालेला दाब मागितलेल्याच्या मागोमाग चढत असेल तर सेन्सर आणि टर्बो दोघेही निर्दोष आहेत, आणि धूर किंवा अशक्तपणा यांचे कारण इंजेक्टर, ईजीआर किंवा इंधन फिल्टर यांत शोधावे. हातपंपाच्या परीक्षेत सेन्सर उत्तीर्ण झाला असूनही रस्त्यावर दाब १३०-१४० वर अडकत असेल, तर हवा कोठेतरी गळते आहे किंवा टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमी-जास्त करणारा भाग), त्याची व्हॅक्यूम नळी, सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) यांपैकी काहीतरी साथ देत नाही. आणि दाब ९५-१०० वरच पडून आहे पण टर्बोची शिटी मात्र नेहमीपेक्षा मोठी ऐकू येते, असे झाले तर लगेच पेडल सोडावे: सेन्सरपर्यंत दाब पोहोचत नसल्यामुळे ईसीयू टर्बोला अधिकाधिक हाकत असण्याची शक्यता असते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात इंजिन आणि इंजेक्टर जाणणारी माणसे भेटायला वेळ लागत नाही. त्यांच्याकडे जाताना कोड, चावी ऑनचा आकडा, तिन्ही व्होल्टेज आणि रस्त्यावरचा सर्वोच्च दाब एवढे कागदावर लिहून नेले, तर 'आधी सेन्सर बदलून बघू' या वाक्याने संभाषण सुरू होत नाही.

सेन्सर खरोखर बदलावा लागलाच, तर जुन्यावरचा भाग क्रमांक तंतोतंत जुळवून घ्यावा. बाहेरून सारखे दिसणारे दोन सेन्सर वेगवेगळ्या दाबाच्या मर्यादेचे असू शकतात, आणि चुकीचा बसवला तर गाडी चालते, फक्त प्रत्येक आकडा खोटा येतो. ओ-रिंगला, म्हणजे सेन्सरवरच्या रबरी कड्याला, इंजिन ऑइलचे बोट लावून सेन्सर सरळ आत दाबावा, स्क्रू हाताच्या जोराने बेताचाच आवळावा, कारण खालचा मॅनिफोल्ड बहुधा प्लॅस्टिकचा असतो. कोड पुसावेत, गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, चावी ऑन करून ते दोन आकडे पुन्हा शेजारी शेजारी लावून पाहावेत.